एकदा गर्भ पडला म्हणून सारे संपले नाही

भगिनींनो, आजचा लेख तुमच्यासाठी आहेच. पण तो एकटीने वाचू नका. रात्रीची जेवणे झाली की घरात मोठ्याने वाचा. सासूबाईंच्या कानावर पडू द्या, आणि कारभाऱ्यांना तर मधूनच उठून जाऊ देऊ नका. हा विषय एकट्या बाईचा समजला जातो, आणि सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

विषय असा आहे. घरात नवी सून येते. दिवस राहतात, घर आनंदात असते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडतो. कधी सहाव्या-सातव्या महिन्यात जातो, कधी पुरे दिवस भरूनही मूल हाती लागत नाही. चार दिवस शेजारणी येऊन जातात. पाचव्या दिवशी ती पुन्हा निंदणीला जाते. महिना-दीड महिन्याने कुणीतरी विचारते, "काय गं, अजून काही नाही का?" त्या रात्री तिला झोप लागत नाही. माझे काय चुकले? पुन्हा दिवस राहतील का? किती थांबावे? पुन्हा तसेच झाले तर? हे प्रश्न ती कुणाला विचारत नाही. आज त्यांचाच विचार करू.

शिंदखेडा तालुक्यातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. उत्तरेला तापी वाहते खरी, पण कोरडवाहू शिवाराला आभाळाचाच आधार. मृगाचा पाऊस येतो, पेरणी होते, आणि मग पाऊस दडी मारतो. कोंब करपतात. दुबार पेरणीची पाळी येते. तेव्हा शहाणा शेतकरी जमिनीला शिव्या देत बसत नाही. बी कसे होते, ओल किती खोल होती, उघडीप किती दिवस पडली, हे तो पाहतो. आणि पुन्हा वाफसा येईपर्यंत दम धरतो. हे शहाणपण घरातल्या माणसाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. बाई म्हणजे जमीन नव्हे. तिला मन आहे, आणि गेलेले पोर त्या मनातून लवकर जात नाही. पण जमिनीला जेवढा न्याय आपण देतो, तेवढा तरी तिला द्यावा की नाही?

दोष कुणाचा?

पहिली गोष्ट मनात पक्की धरा. दिवस राहिल्याचे कळलेल्या शंभर बायकांपैकी दहा ते पंधरा जणींचा गर्भ पडतो. हे जगभर होते. शहरात होते, खेड्यात होते, श्रीमंताघरी होते. त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच पडतात.

आईच्या बीजातून २३ आणि बापाच्या बीजातून २३ गुणसूत्रे येऊन गर्भाची घडण सुरू होते. कधी या वाटणीत एखादे जास्त येते, एखादे कमी पडते. असा गर्भ पुढे वाढूच शकत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्मे याच कारणाने पडतात. यात बाईने काही केलेले नसते आणि तिला काही करताही आले नसते.

तेव्हा उचललेला हंडा, एस.टी.चा धक्का, खाल्लेली पिकलेल्या पपईची फोड, पाहिलेले ग्रहण, कुणाची लागलेली नजर, यांच्या माथी तो मारू नका. आणि "पांढऱ्या पायाची", "वांझ" हे शब्द तर घरातून हद्दपार करा. एकदा गर्भ पडलेल्या बहुतेक बायकांना पुढच्या खेपेस सुखरूप मूल होते. ज्या शब्दाने मन कायमचे मोडते, तो शब्द चार महिन्यांनी खोटा ठरला तरी परत घेता येत नाही.

किती थांबावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितले होते की गर्भ पडल्यावर निदान सहा महिने थांबावे. पुढे २०१० साली स्कॉटलंडमध्ये तीस हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांचे काही बिघडले नव्हते, उलट त्यांचे बरेच चालले होते. म्हणून पहिल्या महिन्यांत गर्भ पडला असेल, रक्तस्राव पूर्ण थांबला असेल, अंगात ताप नसेल आणि बाईची प्रकृती चांगली असेल, तर एखादी पाळी नीट येऊ द्यावी, म्हणजे पुढच्या तारखा मोजायला सोपे जाते. त्यापुढे वर्षभर ताटकळण्याचे कारण नाही.

मग घाई करावी का? तसेही नाही. आपल्याकडे थांबायचे ते रक्तासाठी. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यात गर्भ पडताना आणखी रक्त जाते. हिमोग्लोबिन १२ च्या वर असावे. ते आठ-नऊवर असताना पुन्हा दिवस राहू देणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना ऊस लावण्यासारखे आहे. आधी दोन-तीन महिने लोहाच्या गोळ्या घ्या, पुन्हा रक्त तपासा, आणि मग पुढचे पाहा.

सात-आठ महिन्यांचे मूल गेले असेल, किंवा पोट फाडून बाळंतपण झाले असेल, तर हा हिशेब लागू नाही. गर्भपिशवीवरचा व्रण भरून यायला वेळ लागतो. तिथे वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. गर्भ पडल्यावर पाळी येण्याच्या आधीसुद्धा, दोन-तीन आठवड्यांत, पुन्हा दिवस राहू शकतात. म्हणून थांबायचे ठरवले असेल तर निरोध वापरा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आणि विश्रांती? १९६१ साली देशात मातृत्व लाभाचा कायदा झाला. गर्भ पडलेल्या नोकरदार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा त्यात ठेवली. सरकारला एवढे कळले की या बाईला सहा आठवडे लागतात. घरच्या शेतात राबणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार? ती घरानेच द्यायची. सहा आठवडे जमत नसतील तर पहिले दोन आठवडे तरी पाण्याचा हंडा, सरपणाचा भारा आणि कापूस वेचणी तिच्या वाट्याला देऊ नका. हे काम दुसऱ्या कुणी केल्याने घर बुडत नाही.

दिवस कोणते?

पाळी संपल्यावर लगेचचे दिवस चांगले, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. बाईचे बीज पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते आणि एक दिवसच टिकते. पुरुषाचे बीज बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत टिकते. ज्यांची पाळी २८ दिवसांनी येते त्यांनी, पाळी आलेला दिवस पहिला धरून, दहाव्यापासून सोळाव्यापर्यंतचे दिवस मोजावे. ३५ दिवसांनी येणारीने सतराव्यापासून तेविसाव्यापर्यंतचे. या दिवसांत दिवसाआड पती-पत्नी एकत्र असले म्हणजे पुरे.

आपल्याकडचे कितीतरी तरुण गाडीत बसून सुरतेला कामाला जातात आणि महिन्याने दोन दिवस घरी येतात. ते दोन दिवस नेमके या आठवड्यात पडले नाहीत तर वर्ष गेले तरी काही होत नाही, आणि दोष येतो सुनेवर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला खूण करा, आणि कारभाऱ्याने गावी येण्याची तारीख त्यावरून ठरवावी.

दोघांनी जायचे

आता तपासणी. पहिला नियम, दोघांनी जायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सुरुवात होते. पुढची गरज लागली तर धुळ्याचे सरकारी सर्वोपचार रुग्णालय आहे. जाताना मागच्या खेपेचे सगळे कागद, सोनोग्राफीचे चित्र आणि शेवटच्या पाळीची तारीख बरोबर न्या. नात्यातले लग्न असेल, मामाची मुलगी केली असेल, तर तेही सांगा.

बाईचे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि गरमीच्या रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी. दोघांचा रक्तगट पाहावा. बाईचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर, आणि पुष्कळदा गर्भ पडल्यानंतरही, ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते. ते चुकले तर पुढच्या गर्भाला धोका पोचतो. आपल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचा आजार आहे. आईला तो असेल तर गर्भ टिकवणे अवघड जाते. आणि नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक मूल आजारी निपजण्याचा संभव असतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून रोज एक घ्यावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा बनतो तो पहिल्या काही आठवड्यांतच, पुष्कळदा बाईला दिवस राहिल्याचे कळायच्या आत. खाण्यात बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, मटकी, शेंगदाणे, तीळ, पोकळा, शेवग्याचा पाला असू द्या. चालत असेल तर अंडी खा. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह वाया जाते. आणि सगळ्यांची उरलीसुरली भाकरी तिने खायची ही रीत निदान एवढे महिने तरी मोडा.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, डॉक्टरांना दाखवा. तेव्हा पहिली तपासणी कारभाऱ्याच्या वीर्याची करा. ती स्वस्त आहे, तिला दुखणे नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कमतरता निघते. ती पाहण्याआधीच बायकोला दहा ठिकाणी फिरवणे, नाहीतर दुसरी करण्याची भाषा काढणे, हा अन्याय आहे. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिली असताना दुसरी करताही येत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आज ती सोय पुष्कळ ठिकाणी आहे. पण ती खर्चाची वाट आहे आणि दर वेळी यश येतेच असे नाही. साध्या तपासण्या होण्याआधी त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

पुन्हा पुन्हा पडत असेल तर

दोन किंवा अधिक वेळा गर्भ पडला असेल तर मात्र "पुढच्या वेळी होईल" म्हणून गप्प बसू नये. कारण शोधावे. थायरॉईड, साखर, गर्भपिशवीची ठेवण, रक्त गोठवणारा दोष, दोघांची गुणसूत्रे हे सगळे तपासता येते, आणि यातल्या कित्येकांवर उपाय आहे.

याचे मोठे उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९-१९७१) हे मूळचे गोव्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. काही बायकांचा गर्भ दर खेपेस चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडे. फारशा कळा नाहीत, काही नाही. गर्भपिशवीचे तोंड आपोआप उघडे. त्यांना अंथरुणावर पडून राहायला सांगण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. शिरोडकरांनी विचार केला की तोंड सैल आहे, तर ते बांधावे. भरलेल्या पोत्याचे तोंड शिवले नाही तर धान्य सांडणारच! त्यांनी त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी घेतली आणि तिने गर्भपिशवीचे तोंड आवळले. १९५५ साली त्यांनी ही रीत छापून प्रसिद्ध केली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅक्डोनाल्ड या डॉक्टरांनी तिचा सोपा प्रकार काढला. आज जगभरचे डॉक्टर "शिरोडकर टाका" असेच म्हणतात. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. साधारण तिसरा महिना संपल्यावर टाका घालतात आणि नववा महिना लागला की काढतात. हा टाका सगळ्यांना लागत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भाला त्याचा उपयोग नाही. पण ज्या बायकांना लोक अभागी म्हणत होते, त्यांचे नशीब नव्हे, पिशवीचे तोंड सैल होते, हे त्या टाक्याने दाखवून दिले.

पाटणच्या आशापुरीला नवस बोलायचा असेल तर जरूर बोला. मनाला धीर येतो, आणि धीराचीही गरज असते. मात्र नवस बोलून झाला की धुळ्याची गाडीही पकडा. आणि "मुलगा होण्याचे औषध" देणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नका. त्या पुड्यांत काय असते हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि पोटातल्या जिवाला त्यानेच धोका पोचतो.

शेतकऱ्याच्या घरात सांभाळायचे

कपाशीवर फवारणी चालू असताना, दिवस राहिलेल्या किंवा राहावे अशी इच्छा असलेल्या बाईने औषध कालवू नये, पंप भरू नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत, फवारलेल्या शेतात लगेच निंदायला जाऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने धडधाकट पुरुषांचे जीव गेले. पोटातल्या गर्भाची काय कथा!

गाय, म्हैस, शेळी गाभडली तर तो गर्भ आणि वार या बाईने हाताने उचलू नये. जनावरांच्या सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो आणि बाईचा गर्भही त्याने पडू शकतो. घरच्या कुणी जाड प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधून ते खोल पुरावे. दूध उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, पारडीला या रोगाची लस टोचून घ्यावी.

मशेरी सोडा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या पाहणीत, मशेरी-तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मेलेले मूल जन्मण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आढळले. कारभाऱ्यांनीही विडी, गुटखा आणि दारू सोडावी. त्याने पुरुषाचे बीज दुबळे होते.

दिवस राहिल्यावर लगेच आशाताईंकडे नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. आणि तासाला एक कापड भिजेल एवढे रक्त जात असेल, थंडी-ताप येत असेल, अंगावरून घाण वासाचे जात असेल, पाळी चुकून पोटात एका बाजूला जोराची कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. कुणी "पिशवीच काढून टाका" म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होय म्हणू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या तेरा हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचे २०१९ साली सरकारी चौकशी समितीला आढळले. एकदा काढलेली पिशवी परत बसत नाही.

आता शेवटचे सासूबाईंना. माय, तुमच्या पिढीतल्या कितीतरी जणींचे पहिले किंवा दुसरे पोट असेच गेले आहे. तुम्ही ते कुणाला सांगितले नाही, कारण तेव्हा विचारणारे कुणी नव्हते. त्यानंतर तुम्हाला मुले झाली, नातवंडांची वाट पाहण्याचा दिवस आला. तुमच्या बाबतीत तसे घडले असेल तर आज चूल विझल्यावर सुनेजवळ बसा आणि तिला सांगा. डॉक्टर गोळ्या लिहून देतील, तारखा मोजून देतील. पण "माझेही एक गेले होते गं" हे तिला तुमच्याशिवाय दुसरे कोण सांगणार?